वखारीच्या भिंतीचा शेंदूर

निपाणीत पाऊस वरून कमी आणि पश्चिमेकडून जास्त येतो. त्याला आम्ही झड म्हणतो. छप्पर कितीही नीट शाकारलेलं असो, झडीचं पाणी भिंतीतून आत पाझरतं आणि वखारीत रचलेल्या तंबाखूच्या बोदांना, म्हणजे गासड्यांना, बुरशी धरते. म्हणून त्या काळी मोठ्या वखारवाल्यांनी पश्चिमेच्या भिंतीला जोत्यापासून वळचणीपर्यंत पन्हळी पत्रे ठोकून घेतलेले असत. भिंतीला घातलेलं इरलंच ते. पण लोकांना वाटतं, पत्रा ठोकला की काम संपलं. पत्र्यालाही झड खाते. आधी खिळ्याच्या डोक्याशी, मग दोन पत्र्यांच्या जोडात, मग कुठंही. दर चार-पाच वर्षांनी तो खरवडून, धुऊन, नव्यानं रंगवावा लागतो. आमच्या मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, धंदा तोच होता.

मूळचे ते खानापूरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. भावांत धाकटे, आणि जमीन थोरल्यांनाच पुरत नव्हती. तरणेपणी बेळगावच्या कँपात जाऊन पलटणीच्या बराकींचे पत्रे रंगवायला शिकले आणि मग वखारींच्या मागं लागून निपाणीत आले. लग्नानंतर माहेरी कुणी विचारलं की माझे वडील 'जावई रंगारी आहेत' म्हणून सांगत. मग लोक विचारत, लुगड्याला पक्का लाल रंग देतात का? मला राग येई. लुगडी रंगवणारा काय, कुठंही सापडतो. माझा नवरा परांचीवर चढून दोन पुरुष उंचीच्या भिंतीला रंग देत असे, आणि तो रंग टिकत असे.

काम उन्हाळ्यातच करायचं. पश्चिमेची भिंत दुपारपर्यंत सावलीत असते, म्हणून दिवस उगवायला परांचीवर चढायचं आणि ऊन भिंतीवर आलं की उतरायचं. तापलेल्या पत्र्याला हात लावला तर कातडं सोलून निघतं. आधी जुना रंग आणि गंज पोलादी पट्टीनं खरवडायचा, तारेच्या ब्रशानं घासायचा, सोड्याच्या पाण्यानं धुवायचा. पत्रा नवा असेल तर त्याला रंग लावायचाच नाही. एक पावसाळा तसाच खाऊ द्यायचा, त्याची चकाकी गेली की मग तो रंग धरतो. हे सगळं झालं की बेलतेलात, म्हणजे कढवलेल्या जवसाच्या तेलात, कालवलेल्या शेंदराचा पहिला हात. शेंदूर लोखंडाला धरून बसतो, गंजाला आत येऊ देत नाही. तो वाळला की त्याच्यावर वखारवाला सांगेल तो रंग, बहुतेक राखी. लोकांना दिसायचा तो राखी रंग. झड अडवायचा तो खालचा शेंदूर.

आणि शेंदूर म्हणजे देवाचा. हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. मालकांच्या गावचा ग्रामदेव पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदरानं इतका जाड झालेला, की त्याचं नाक कुठं आणि डोळे कुठं हे गुरवालाच माहीत. अशा देवाचं कवच कधी तरी सुटतं. मग गाव ते पाटीत घेतं, वाजत गाजत नदीला नेतं आणि सोडतं. देवाच्या अंगावरचं उकिरड्यावर टाकायची कुणाची छाती नाही. मालकांनी तोच नेम भिंतीला लावला होता. खरवडायला लागण्याआधी भिंतीच्या पायथ्याशी जुनं धोतर अंथरायचं. वरून राखी पापुद्रे पडत, त्यांच्या पोटात जुना शेंदूर असे. तो पायाखाली जाऊ नये म्हणून सगळी भुकटी गोळा करायची, घरी आणायची, देवळीखालच्या मडक्यात भरायची. पावसाळ्याच्या तोंडावर ते मडकं वेदगंगेला नेऊन सोडायचं. डांबराचं काम असलं तर ते राखेनं हात घासघासून धूत. शेंदराचं असलं की नुसते धोतराला पुसत आणि भाकरीला बसत. उलट बसण्याआधी एक बोट कपाळाला लावत. तो विटाळ थोडाच होता, तो प्रसाद होता.

एकदा बोरगावच्या रस्त्यावरच्या एका वखारीला पहिला हात देऊन झाला आणि वरच्या रंगाचे डबे काही येईनात. भिंत पंधरवडाभर लालभडक उभी. येणारीजाणारी माणसं सवयीनं थांबून हात जोडायला लागली. कुणी तरी नारळ फोडला. मग शेठ स्वतः आले, मालकांना बाजूला घेऊन म्हणाले, लवकर राखी रंग मारा, नाही तर ह्या भिंतीची जत्रा भरेल आणि माझा तंबाखू आतच अडकेल. त्या दिवशी मी भाकरी घेऊन गेले होते, आम्ही दोघं घरी येईपर्यंत हसत होतो. आमच्या संसारातलं ते हसू मला अजून आठवतं, कारण त्यानंतर तसं हसायला फारसं मिळालं नाही.

सुरुवात पोटापासून झाली. जेवण झालं की पोटात अशी कळ यायची की धिप्पाड माणूस भिंतीला धरून खाली बसायचा. ओवा झाला, एरंडेल झालं, वैद्याचे काढे झाले. चेहरा पांढरा पडत चालला. मी परांचीवर जाऊ नका म्हणायची आणि ते ऐकल्यासारखं करून जायचे. शेवटी मीच सोबत कामावर जाऊ लागले. आधी नुसतं पाणी आणि सोडा द्यायला, मग खालचे पत्रे घासायला, आणि मग एक दिवस कासोटा घट्ट करून वर चढले. वखारीतल्या तंबाखू निवडणाऱ्या बाया बाहेर येऊन बघत उभ्या राहिल्या. एक म्हणाली, आता हिचा नवरा घरी भाकरी थापणार. मी वरून तिला म्हटलं, तू थापतेस त्यापेक्षा बऱ्या थापतो. पण आतून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कारण हसण्यावारी न्यायची गोष्ट राहिली नव्हती, त्यांच्या हातातून ब्रश पडायला लागला होता.

दुखत नव्हतं. सूज नव्हती. उजवा हात मनगटापासून खाली लोंबू लागला. बोटं मिटत, पण तळवा वर उचलला जात नसे. गावाकडून थोरले दीर आले. त्यांनी हात पाहिला आणि एका शब्दात निकाल दिला, कोप. कधी तरी देवाचा शेंदूर पायाखाली आला असणार. मालकांनाही ते पटलं. त्या दिवसापासून ते भुकटी जास्तच जपून गोळा करू लागले. पूर्वी धोतरावर पडलेली घेत, आता धोतराबाहेर उडालेलीही गुडघ्यावर बसून, फुंकर मारून, चिमटीनं उचलत. देवळीशेजारीच प्यायच्या पाण्याचा माठ होता; मडकं मी तिथून हलवलं तर पुन्हा जाग्यावर आणून ठेवत.

मीच हट्टानं त्यांना सर्व्हिस मोटारीत घालून बेळगावला नेलं. डॉक्टर कानडी होते, मराठी बेतानं आणि नीट बोलायचे. त्यांनी मालकांना दोन्ही हात पुढं धरायला सांगितले. डावा राहिला, उजवा पडला. मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. हिरड्यांच्या कडेनं निळसर रेघ होती. मी रोज त्या माणसासमोर जेवत होते आणि मला ती कधी दिसली नव्हती. डॉक्टरांनी धंदा विचारला. धंदा ऐकल्यावर त्यांनी पुढचं फारसं काही विचारलं नाही.

"शेंदूर म्हणजे शिसं," ते म्हणाले. "शिसं भाजून करतात. भुकटी नाकातून जाते, हातावरून पोटात जाते, आणि आत साठत राहते. आजपासून सोडलं तर हात सुधारेल. नाही सोडलं तर आधी हात, मग डोकं."

मालक म्हणाले, "देवाच्या अंगावर असतंय ते. इख असतं, तर देवानं अंगाला लावून घेतलं असतं व्हय?"

"देवाला पोट नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी टिंगल केली नाही. खरं तेच सांगायचं म्हणून सांगितलं. पण मालक उठले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

मग डॉक्टरांनी मला विचारलं, मुलं किती? मी सांगितलं, दोनदा दिवस राहिले होते, दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात गेलं. त्यांनी विचारलं, नवऱ्याचे कामाचे कपडे कोण धुतं? मी म्हटलं, मीच, दुसरं कोण आहे? त्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली, चष्मा काढला आणि पुसत राहिले. मग एवढंच म्हणाले की बाई, ते कपडे घरात आणू नका. मला समजायचं ते समजलं. बाहेर आले आणि मालकांना निपाणीच्या मोटारीत बसवलं. मला त्यांचा राग आला होता, त्या शेंदराचा आला होता, खरं सांगणाऱ्या त्या भल्या डॉक्टरांचाही आला होता. डॉक्टरांनी मला काय विचारलं ते मी घरी सांगितलं नाही. हात गेलेल्या माणसाच्या पदरात आणखी ते कशाला घालायचं?

दुसरा रंग वापरा, गेरू वापरा, असं मी हरप्रकारे सांगून पाहिलं. ते म्हणत, गेरू झडीला टिकत नाही, आणि दिलेल्या कामाला मी दगा देणार नाही. मग मी डॉक्टरांचं नावच काढायचं बंद केलं आणि गुरवाचं काढलं. त्यांच्या गावचा गुरव देवाचं कवच कसं काढतो हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. तो पट्टी लावत नाही. देवाला तेल घालतो, ऊनऊन पाण्यानं न्हाऊ घालतो, कवच भिजून आपणहून सुटं होईतो हात लावत नाही. मी मालकांना म्हटलं, तुम्ही पत्र्यावरचा शेंदूर कोरडाच खरवडता. गुरवानं असं केलं तर गाव त्याला उभं करील का?

दुसऱ्या दिवशी सकाळी परांचीखाली उभे राहून त्यांनी मला घागर मागितली. तेव्हापासून भिंत आधी भिजवायची आणि मग खरवडायची असं सुरू झालं. काम वाढलं, कारण ओला पत्रा उघडा राहिला तर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होतो. दुपारी ऊन भिंतीवर येऊन जेवढं वाळेल तेवढंच सकाळी भिजवायचं आणि ऊन उतरलं की त्याला तेलाचा बोळा फिरवायचा. पण भुकटी उडायची थांबली. खाली नुसता लाल चिखल पडायचा. मला वाटलं, मी जिंकले. पोटातल्या कळाही त्या वर्षी जरा कमी झाल्या. पण हात न धुता जेवणं, कपाळाला बोट लावणं आणि देवळीखालचं मडकं, ह्यातलं काही सुटलं नाही. एवढ्या एका गोष्टीत त्यांनी माझं ऐकलं, ते गुरवासाठी. बाकीच्याला गुरवाचा दाखला माझ्याकडं नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात ते वर चढू शकत नव्हते. दोन्ही हात लोंबू लागले होते, डावा थोडा कमी. मध्येच बोलता बोलता शब्द विसरत. एका वखारीची भिंत अंगावर घेतलेली होती, ती मी एकटीनं केली. ते खाली बसून चुकलेली जागा सांगत. तेवढी नजर मात्र शेवटपर्यंत शाबूत होती. वळचणीखालचा एक जोड माझ्याकडून राहिला तर तो त्यांना खालून दिसायचा. लाल चिखल ते डाव्या हातानं गोळा करत, वाळवत, घरी आणत. तो त्यांचा शेवटचा उन्हाळा होता. त्याच पावसाळ्यात ते गेले. पण त्याआधी आम्ही नेमाप्रमाणं वेदगंगेला गेलो, ते सांगायचं आहे.

ज्येष्ठ संपत आला होता, पश्चिमेला ढग जमू लागले होते. दरवर्षी ते मडकं स्वतः डोक्यावर घेऊन जात. त्या वर्षी मी घेतलं. नदीकाठी पोहोचल्यावर त्यांनी ते माझ्याकडून मागितलं आणि डाव्या कोपराच्या बेचक्यात धरून गुडघाभर पाण्यात उतरले. पाणी फार नव्हतं. जरा खालच्या अंगाला बायका घागरी भरत होत्या. त्यांच्यातली एक वर बघून म्हणाली, आप्पा, आमच्या घागरी तेवढ्या भरू द्या, मग सोडा. हे दरवर्षीचंच होतं. दरवर्षी कुणी तरी तसं म्हणे आणि हे थांबत. बायका गेल्या की हे मडकं सोडत.

तसे ते थांबले. बायकांपैकी एक पोटुशी होती, बरेच दिवस गेलेली. तिनं घागर भरून काठावर ठेवली, मग पुन्हा खाली वाकून ओंजळीनं पाणी प्याली, तोंडावरून ओला हात फिरवला आणि घागर घेऊन बाकीच्यांबरोबर चढण चढून गेली. नदी मोकळी झाली. मी काठावर उभी होते. मडकं सोडायला काहीच हरकत नव्हती.

त्यांनी सोडलं नाही. पाणी त्यांच्या पायांभोवतून त्या बायका भरत होत्या त्या जाग्याकडं वाहत होतं आणि ते तिकडं बघत होते. बऱ्याच वेळानं ते वळले, मडकं तसंच घेऊन काठावर आले आणि 'चल' म्हणाले.

रस्ता सोडून आम्ही वरच्या माळाला लागलो. तिथं पीक नव्हतं, विहीर नव्हती, गुरंही फारशी येत नसत. खालच्या शेतातल्या माणसाकडून मी कुदळ मागून आणली. ते दाखवतील तिथं मी खणत गेले. मुरूम कठीण होता. खड्डा मांडीएवढा झाला तरी ते अजून खोल म्हणत. मडकं आत ठेवल्यावर सवयीनं त्यांनी हात जोडायला घेतले. उजवा उचलला गेला नाही. तो त्यांनी डाव्यानं वर घेतला, छातीपाशी आणला, क्षणभर धरला, आणि मग सोडून दिला.

"डॉक्टर सांगत हुता, तवाच मला पटलंतं," ते म्हणाले. "आन तुला त्येनं आत काय इचारलं, त्येबी भाईर ऐकू आलतं."

मी म्हटलं, "मग ऐकलासा का न्हाई?"

"ऐकलं असतं तर देवाला काय म्हणायचं? जल्मभर हात जोडलं त्येला. आपली दोन पोरं त्येच्याच अंगावरच्यानं गेली, असं म्हणायचं? मला जमलं न्हाई गं."

मला रडू आलं नाही. त्यांच्यावरचा बेळगावपासून साठलेला राग मात्र त्या माळावर एकदम उतरला. ह्या माणसानं दोन्ही हात दिले, पण आपल्या देवावर तो आळ येऊ दिला नाही, आणि आज एका अनोळखी पोटुशीसाठी तो येऊ दिला. मी कुदळ टाकली आणि हातांनीच माती लोटू लागले. थोड्या वेळानं तेही खाली बसले आणि डाव्या कोपरानं लोटू लागले. आमची दोन्ही पोरं त्यांनीच नेऊन पुरली होती, मला घरी ठेवून. ह्या वेळी मी त्यांच्या शेजारी होते.